वानवळ्यापुरती जागा

लकडगंज, नागपूर
१८ एप्रिल २०२५

मामा,

तुमच्या आणि मामीच्या पाया पडून लिहायला बसले. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी इकडून ओरडले, मामी तिकडून तुमच्या कानात ओरडली, आणि माझी बातमी तुमच्या आधी शेजारच्या चंपतरावांना कळली. त्यापेक्षा पत्र बरं. चष्मा लावला की तुम्हाला सगळं नीट ऐकू येतं.

तर बातमी पुन्हा सांगते, शांतपणे. ज्या दुकानात इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांना स्पीकर बसवत होते, ते सोडलं. लकडगंजात एक शटर भाड्यानं घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. आई असती तर नारळ तिनं फोडला असता. आता तुम्ही याल तेव्हा फोडा, मी आणून ठेवला आहे. लोक गाडी घेऊन येतात, इकडेतिकडे पाहतात आणि विचारतात, मिस्त्री कुठी गेला? मी म्हणते, मीच आहो. काही थांबतात, काही गाडी वळवून घेतात. होईल हळूहळू.

पहिलं मोठं काम घरचंच मिळालं. तुमच्या सुशीलचं. दादा रोज कळमेश्वरच्या कारखान्यात जातो-येतो, तेवढा वेळ ट्रकचे हॉर्न ऐकून त्याचं डोकं उठतं. म्हणून त्याला गाडीत चांगला आवाज हवा. दोन अ‍ॅम्प्लिफायर लावायचे आहेत. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाजाला ताकद देणारा धातूचा चपटा डबा. चालू असला की चांगलाच तापतो, म्हणून त्याला हवा लागते, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात बंद डिकी म्हणजे भट्टीच. तो डिकीत नेमका कुठं बसवायचा, खरी कारागिरी तिथंच आहे. खाली बसवला तर जागा खातो. मागच्या सीटच्या पाठीला लावला तर हवा बरी मिळते. वरच्या फळीखाली उलटा टांगणारेही आहेत, पण मला ते पटत नाही.

मी दादाला विचारलं, डिकीत काय काय ठेवतोस? तो म्हणाला, मधोमध खालीच ठोक, डिकीत आता काही ठेवायचंच नाही. म्हणजे माझं काम सोपं झालं. उद्या प्लायवुड कापते.

तुमची
कामिनी


२६ एप्रिल २०२५

कामिनी पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र आलं त्या दिवशी तुझ्या मामीनं गल्लीत गूळ वाटला. चंपतरावांकडेही दिला, त्यांना बातमी आधीच माहीत असली तरी. जे गाडी वळवून घेतात त्यांचं मनावर घेऊ नकोस. चांगल्या सुताराच्या दारात बैलबंड्या आपोआप लागतात. शटरला तेल देत जा.

डिकीचं ऐकून मात्र मामी उठून आत गेली. मी तेवढं दोनदा वाचलं.

विहिरीमागचा तुकडा तुला आठवतो. लहानपणी तिथं लाखोरीच्या शेंगा खाऊन तुझं पोट दुखलं होतं. बाकीच्या वावरात जे पिकतं ते बाजारात जातं, पण त्या तुकड्यातलं कधी विकलं नाही. तूर, जवस, थोडी मिरची, सगळं वानवळ्याचं. नवं पीक आलं की लेकराबाळांच्या, सोयऱ्यांच्या घरी पोहोचवायचं. माझ्या बापानं हेच केलं. आणि वानवळा देणाऱ्यानं आपल्या हातानं ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलून न्यायचा नाही, ही आपल्या घरची रीत. घेणाऱ्यानं उचललं की ते मागून नेल्यासारखं होतं. पूर्वी मी बंडीत ठेवत होतो, सुशीलनं गाडी घेतल्यापासून डिकीत ठेवतो.

होळीला तो आला होता. मी जवसाचं पोतं आणायला वळलो तर म्हणाला, बाबा, डिकीत जागा नाही. मी पाहिलं, डिकीत एक छत्री होती. म्हटलं, असेल काही. आता तुझ्या पत्रावरून समजलं. त्यानं आधीच ठरवलं होतं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शहरात सगळं विकत मिळतं आणि पोतं न्यायची त्याला लाज वाटत असेल. ज्याला नको त्याच्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही. चंपतराव तो तुकडा मक्त्यानं मागत आहेत, सोयाबीन पेरणार म्हणतात. देऊन टाकावा असं मनात आहे. तू तुझी मशीन मधोमध बसव. चांगली घट्ट बसव.

तुझा मामा
रुपराव


लकडगंज
३ मे २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून हातातली करवत खाली ठेवली. प्लायवुड तोवर कापून झालं होतं, डिकीच्या बरोबर मधल्या मापाचं. ते आता भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि येता-जाता मला टोचतं.

दादाला लगेच फोन केला. छत्री ठेवायला जागा आहे आणि बापाच्या पोत्याला नाही का, असं सरळच विचारलं. तो म्हणाला, तू तुझं काम कर. मी म्हटलं, हेच माझं काम आहे, डिकीत काय राहणार हे कळल्याशिवाय मी एक स्क्रू मारत नाही. तो म्हणाला, मग दुसरीकडे नेतो गाडी. मी म्हटलं, ने. फोन ठेवल्यावर आठवलं की माझ्या दुकानाचं पहिलं मोठं काम मीच घालवलं. पण राग आला की मी आईवर जाते, हे तुम्हाला माहीत आहे.

मामा, तुम्ही मला पोरगी म्हणता म्हणून हक्कानं लिहिते. चंपतरावांना शब्द देऊ नका. आई गेल्यापासून माझं आजोळ दर संक्रांतीला त्या डिकीत बसून माझ्या दारात येतं. दादा माझ्या वाट्याची तूर उतरवतो, आणि पहिल्या दिवशीचं वरण मी एकटी बसून खाते. मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही तेव्हा. त्या तुकड्यात सोयाबीन लागलं तर मी विकतची डाळ आणीन, उपाशी मरणार नाही. पण मला ते नको आहे.

थोडा वेळ द्या.

कामिनी


१० मे २०२५

कामिनी,

माझ्यापायी भावाशी भांडू नकोस. पहिलं गिऱ्हाईक दारातून परत लावशील तर दुसरं येणार नाही. त्याला बोलाव, चहा पाज आणि मशीन लावून दे. त्याची गाडी, त्याची डिकी.

मी रागात नाही. म्हणजे आता नाही. आपलं मन आपणच समजवावं लागतं. पोरगा वाईट नाही, महिन्यातून एकदा येतो, माझ्या बीपीच्या गोळ्या आणतो, टिनाच्या छपराला त्यानंच पत्रे लावून दिले. फक्त माझ्या हातचं त्याला नको झालं. तेवढंच.

चंपतरावांना सांगितलं आहे, मृगाच्या आधी पक्कं उत्तर देतो. त्यांनाही पेरणीची तयारी करायची आहे, त्यांना लटकवून ठेवणं बरं नाही. तुझ्या मामीनं बियाण्याची तूर राख लावून मडक्यात ठेवली आहे. मी म्हटलं, यंदा कशाला ठेवतेस, भरडून टाक. तिनं मडकं उचललं आणि देवघराच्या खोलीत नेऊन ठेवलं. बहिरा मी आहे, पण या घरात ऐकत नाही ती.

ऊन फार आहे. दुपारी डोकं बांधत जा.

रुपराव मामा


लकडगंज
१७ मे २०२५

मामा,

हे पत्र मामी जवळ असताना वाचा. आणि वाचून झाल्यावर माझ्यावर चिडा, दादावर नको. त्यानं कोणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं नाही.

परवा भर दुपारी दादा दुकानात आला. गाडी कुठंच नेली नव्हती त्यानं. मी चहा पाजला, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. त्यानं भिंतीला टेकवलेलं प्लायवुड पाहिलं आणि विचारलं, काहून नाही लावलं अजून? मी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं, छत्रीचं. त्यानं ते वाचलं, घडी करून परत दिलं आणि टायरवर बसला. मग म्हणाला:

"संक्रांतीले बाबा पोतं ठेवाले गेले. मी पाणी पिऊन बाहेर आलो त गाडीमागं जमिनीवर बसून होते. एक हात पाठीवर, तोंड पांढरं पडलं होतं. मले पाहून म्हणते, चप्पल शोधून राहिलो. चप्पल पायातच होती त्यायच्या."

मी म्हटलं, मग सरळ बोलायचं होतंस की पोतं मी उचलतो. तर तो म्हणाला, "उचलू देतेत का ते? आपल्या घरची रीत तुले माहीत नाही का? अन् त्यायले म्हणू कसा का, बाबा, आता तुमच्याच्यानं होत नाही?"

म्हणून होळीला त्यानं जागा नाही म्हटलं. आणि पुढच्या वेळी तुम्ही डिकीत डोकावाल, तर खरंच जागा नसावी, म्हणून मधोमध अ‍ॅम्प ठोकायला निघाला होता. मामा, त्याला गाणी ऐकायची आहेत हेही खरंच आहे, कारखान्याचा रस्ता कंटाळ्याचा आहे. पण मधोमध कशासाठी, ते तुमच्या पाठीसाठी. त्याला लाज पोत्याची नव्हती. त्याला भीती होती.

तुम्ही दोघं बापलेक एका डिकीपाशी उभं राहून एकमेकांना खोटं सांगत होतात, एक चप्पल पायात घालून आणि एक छत्री डिकीत टाकून. मला हसूही आलं आणि रडूही.

आता माझ्या कामाचं. आजवर मी रिकामी डिकी पाहून माप घेत आले. दुकानात गाडी येते तेव्हा डिकी झाडूनपुसून रिकामीच असते. पण गावाहून निघालेली डिकी आपल्याकडे कोणाची रिकामी असते? ही माझीच चूक, मी आधी ते धरायला हवं होतं. तर मला तुमच्या पोत्याचं माप हवं आहे. एक मोठं पोतं न भरता त्याचे लहान कट्टे केले, एका हातानं सरकतील असे, तर? मी आधी कट्टे ठेवीन आणि मग उरलेल्या जागेत अ‍ॅम्प बसवीन. ठेवायचे मात्र तुम्हीच.

पाठ कशी आहे? खरं लिहा.

कामिनी


२४ मे २०२५

कामिनी,

मी खरंच चप्पल शोधत होतो, असं लिहायला बसलो होतो. मामीनं कागद ओढून घेतला आणि म्हणाली, आठ दिवस मिठाची पुरचुंडी करून कोणाची पाठ शेकली, तेही लिहा. तर लिहितो. पाठीत उसण भरली होती. संक्रांतीपासून ती अधूनमधून भरते.

आधी राग आला. त्याचाही, तुझाही. म्हाताऱ्याच्या मागे सगळे कुजबुज करतात, आणि बहिऱ्याच्या मागे तर मोठ्यानं करतात. संध्याकाळपर्यंत ओसरीत सुतळी वळत बसलो. मग विहिरीकडे जाऊन आलो. तुकडा नांगरून पडला आहे, नुसता. तिथं उभं राहून एकदम हलकं वाटलं. पोराला माझ्या हातचं नको झालेलं नाही, हे समजलं की बाकी पाठीचं काय, ती कोणाचीही दुखते.

माझी बाजू पण ऐक. पोतं पोरानं उचललं तर माझ्याकडे ठेवायला काय राहतं? गाडी त्याची, घर त्याचं, गोळ्याही तोच आणतो. तेवढं एक पोतं माझ्या हातात होतं.

बुधवारी सकाळी उमरेडहून सुटणाऱ्या एसटीनं कंडक्टरजवळ एक गाठोडं पाठवतो, स्टँडवरून घेऊन जा. मामीनं एक पोतं उसवून त्याचे चार कट्टे शिवले आहेत. आत मळणीनंतर उरलेलं कुटार भरलं आहे, म्हणजे खऱ्यासारखा आकार कळेल. वजन नाही, पण फुगवटा तोच. दोन गोष्टी ध्यानात ठेव. मी कट्टा आधी डिकीच्या काठावर टेकवतो आणि मग आत ढकलतो. तेव्हा काठापासून आतपर्यंत मधली वाट मोकळी पाहिजे. दुसरं, माल कितीही नीट रचला तरी वळणावर सरकतो. बंडीला आपण बाजूनं खुंट लावतो ते उगाच नाही. तुझ्या मशीनलाही काहीतरी आडोसा कर.

चंपतराव काल पुन्हा विचारून गेले. अजून उत्तर दिलेलं नाही.

मामा


लकडगंज
३१ मे २०२५

मामा,

हे पत्र पोस्टानं नाही, दादाच्या हातानं येत आहे. तो दारात उभा असेल आणि तुम्ही चष्मा शोधत असाल. आधी त्याला पाणी द्या.

कट्टे मिळाले. स्टँडवर कंडक्टर म्हणाला, नागपुरात कुटार कोण मागवते? मी म्हटलं, गाडीच्या डिकीला चारायचं आहे.

आता काम कसं झालं ते सांगते. पहिल्यांदा दोन्ही अ‍ॅम्प मागच्या सीटच्या पाठीला लावले. दिसायला सुंदर, मलाच आवडले. कट्टे भरले, वजनासाठी कुटार काढून वाळू घातली, आणि दादा नि मी उमरेड रोडनं भर दुपारी निघालो. पहिल्या गतिरोधकाला कट्टे पुढे सरकले आणि थेट अ‍ॅम्पला चिकटून बसले. हवा बंद. अर्ध्या तासात आवाज गेला. अ‍ॅम्प फार तापला की जळू नये म्हणून आपोआप बंद होतो. दादा म्हणाला, मशीनलेही चप्पल शोधाची आहे वाटते. मी त्याला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली आणि दोघंही पोट धरून हसलो.

वरच्या फळीखाली टांगण्याचा प्रश्नच नव्हता. वर काच, काचेवर ऊन, आणि गरम हवा वरच जमा होते. वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या पेटीवर लावले तर ती इतकी थरथरते की स्क्रू ढिले होतात. शेवटी डिकीची डावी बाजू धरली. चाकाच्या फुगवट्याच्या मागे एक कोनाडा असतो, तिथं लोक पाण्याची बाटली टाकतात. मधल्या मापाचं ते प्लायवुड पुन्हा कापलं, उभं केलं, आणि दोन्ही अ‍ॅम्प त्याच्यावर उभे बसवले, मागे बोटभर फट ठेवून, म्हणजे हवा खालून शिरते आणि वरून निघते. समोर सळईचा कठडा वेल्डिंग करून घेतला. तो तुमचा खुंट. वूफरची मोठी पेटी दादानं सोडली, लहान घेतली, ती सीटला टेकून आत बसली. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपणच म्हणाला, लहान चालते.

पुन्हा त्याच रस्त्यानं, त्याच उन्हात गेलो. कट्टे सरकले आणि कठड्याला टेकून थांबले. परत येईपर्यंत गाणं एकदाही तुटलं नाही. डिकी उघडून मी अ‍ॅम्पवर तळहात ठेवला. गरम होता, पण हात ठेवून राहता आलं.

काठापासून आतपर्यंतची वाट मोकळी आहे. या पत्राबरोबर रिकामे कट्टे आणि ती गाडी तुमच्या दारात आहे. स्वतः डोकावून पाहा. खाली दादा दोन ओळी लिहितो म्हणाला. शाळा सुटल्यापासून त्यानं सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नका.

कामिनी

बाबा, डिकीत जागा आहे. चार कट्टे बसतात. तूर पेरा. ठेवाले तुम्हीच या, मी हात लावणार नाही.
सुशील


१७ जानेवारी २०२६

कामिनी पोरी,

दिवाळीला तू आलीस, नारळ मी फोडायचा राहिला म्हणून तो सोबत घेऊन आलीस, आणि गाड्यांची रांग आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी पळालीस. तेव्हा तूर नुसती हिरवी उभी होती. आता तिचं सांगतो.

चंपतरावांना मी रिकामे कट्टे परत आले त्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं होतं. सुशील गाडीपाशी उभा असतानाच कुंपणावरून सांगितलं. ते म्हणाले, मले माहीत होतं. त्यांना सगळं आधीच माहीत असतं. मडकं मामीनं देवघराच्या खोलीतून बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. पाऊस मध्येच लांबला, काही झाडं उबाळून सुकली, तरी तुकडा चांगला पिकला. नव्या डाळीचं वरण झालं त्या दिवशी तुझ्या आईची आठवण निघाली. तिला वरणावर कच्चं जवसाचं तेल लागायचं.

संक्रांतीला सुशील आला. डिकी उघडली आणि दोन्ही हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. मी एकेक कट्टा आणला, काठावर टेकवला, आत सरकवला. पाठीनं कुरकुर केली नाही. चौथा ठेवून झाल्यावर मी मुद्दाम म्हटलं, चप्पल कुठी गेली रे माझी? तो इतका हसला की गल्लीतली दोन माणसं बाहेर आली.

मग त्यानं गाणं लावलं. मामी म्हणाली, पुरे, गाव जागं झालं. मला काही ऐकू आलं नाही. पण डिकी लावल्यावर मी वरच्या पत्र्यावर हात ठेवला, तर आत ठेका चालू होता. हाताला स्पष्ट लागत होता. गाणं संपेपर्यंत मी हात काढला नाही. कोणतं गाणं होतं ते सुशीलला विचारायचं राहिलं. तुझ्या हातचं काम चांगलं आहे, पोरी.

आता मुद्द्याचं. तुझ्या वाट्याची तूर यंदा त्याच्याबरोबर दिली नाही. तो विचारत होता, मी नाही म्हटलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या डिकीतून तुला पाठवली, कारण तुझ्याकडे गाडी नव्हती. आता सुशील सांगतो की तू सामान आणायला एक जुनी व्हॅन घेतलीस आणि आम्हाला कळवलं नाहीस. चंपतरावांना तेही माहीत होतं.

तुझे दोन कट्टे ओसरीत भरून ठेवले आहेत. पुढच्या रविवारी व्हॅन घेऊन ये. येताना रिकामी आण, सामानाचा पसारा नको. इथं पोहोचलीस की मागचं दार उघड आणि बाजूला उभी राहा. ठेवायचं काम माझं आहे.

तुझा मामा
रुपराव